चाचांच्या बोटाचं रक्त

चाचा, आज एका नव्या मुलीने काचपट्टीच्या खरखरीत टोकावर पेनाने नंबर लिहिला आणि मी तिच्यावर केवढ्याने ओरडले! मग तुम्ही आठवलात.

अकोल्याच्या त्या प्रयोगशाळेत आले तेव्हा मी घरातली पहिली पदवीधर होते आणि ते रोज कुणाला तरी सांगत असे. तुम्ही सातवी पास, रक्ताच्या काचपट्ट्या रंगवण्यात म्हातारे झालेले. मी तुम्हाला पाऊण तास समजावलं, की पांढऱ्या पेशीच्या अंगावर कोवळेपणी एक खूण असते, ती मोठी होताना जाते, दुसरी येते. पण ल्युकेमियात कोवळी खूण सुटतच नाही, कधी दोन्ही एकदम दिसतात. औषधाचा थेंब टाकला की ती खूण सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. तुम्ही म्हणालात, "म्हंजे मिशा आल्या तरी दुधाची बाटली सुटत नाही. समजलं बेटी. आता नंबर पेन्सिलनं लिही." पेन्सिल शाळकरी पोरांची! मी माझा नवा पेन काढला.

तुलनेसाठी निरोगी रक्त लागे, ते नेहमी तुमच्या बोटाचं. त्या दिवशी तुमची आणि रुग्णाची, दोन्ही पट्ट्या स्पिरिटमधून निघाल्या त्या बिननंबरी, शाई धुऊन गेलेली. मी आठवून एक तुमची ठरवली, दुसरी वॉर्डातल्या शेंदूरजनाघाटच्या बाईंची. तुमची पट्टी हिरवीगार चमकली. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, परगावी होते. बाईंना काही नाही असा रिपोर्ट मी त्यांच्या टेबलावर ठेवला आणि दोन दिवस तुम्हाला जपलं. तुमचा डबा धुतला, तुम्हाला जिना चढू दिला नाही, बाईंच्या नवऱ्याने दिलेली संत्री सोलून भरवली.

"काहून वो, मी मरून राहिलो काय?"

मी भोकाड पसरलं, सगळं सांगितलं. तुम्ही पट्टी खिडकीशी धरलीत. "नंबर कुठी हाय?" मग बोट पुढे केलंत. वॉर्डातून बाईंचंही रक्त पुन्हा आणलं, नंबर पेन्सिलने. तुमच्या पेशी शहाण्यासारख्या विझलेल्या. बाईंच्या चमकत होत्या. रिपोर्ट मी तिथेच फाडला. "माह्यासाठी रडली, ठीक," तुम्ही म्हणालात, "पन ते बाई तशीच घरी गेली असती तं?" आणि थोड्या वेळाने, "संत्री उरली का? तिले नेऊन दे."

उपचार त्याच आठवड्यात सुरू झाले. सरांना तुम्ही सांगितलंत, नंबर या म्हाताऱ्याकडून पुसला गेला. मी गप्प बसले.

तुम्ही खरंच गेलात तेव्हा मी अमरावतीत होते, दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. मी आले नाही. तुमच्या घरच्यांना म्हणाले, निरोप उशिरा मिळाला. हे पत्र वहीतच राहील, पेन्सिलने लिहिलेलं. निरोप वेळेवर मिळाला होता, चाचा.