सपाट घर

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिल्याच दिवशी नळी फुटली! साईनाथ कंत्राटदाराने हॉलच्या भिंतीवर छिन्नी लावली आणि आतून पाण्याची चिळकांडी उडाली. दोष त्याला देता येत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी हे रो-हाउस घेतले तेव्हा भिंतीत काय कुठून गेले आहे, याची नोंद कोणीच ठेवली नव्हती, मीसुद्धा नाही. घर बांधणाऱ्याने निदान एवढे तरी करावे – प्लास्टर चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा, शेजारी फुटपट्टी धरून. पुढे कोणाला तरी त्याचा उपयोग होतोच.

काम मात्र पाडव्याच्या आत संपले पाहिजे. अर्णवची अट स्पष्ट आहे. काल फोनवर म्हणाला, "बाबा, पाडव्यापर्यंत घर आईसाठी सेफ झालं तर ठीक. नाहीतर तुम्ही दोघं हिंजवडीला. नो डिस्कशन." तिथे त्याचा फ्लॅट – एकोणिसावा मजला, लिफ्ट, सगळे काही सपाट. मुलगा चुकीचे बोलत नाही. सुनीतीचा काचबिंदू औषधाला दाद देत नाही. कडेचे दिसणे गेले आहे. नळीतून पाहावे तसे फक्त समोरचे दिसते. "हे समोरचं अजून वर्ष-दोन वर्षं टिकेल," असे डॉक्टर ऑक्टोबरमध्ये म्हणाले.

सुनीतीला मी अर्णवचे म्हणणे सांगितले. कणीक मळत होती. म्हणाली, "इथं माझा ओटा आहे. तिथं मी पाहुणी. तीही कायमची."

१६ फेब्रुवारी, रविवार

उंबऱ्यांवरून वाद.

आमच्या घरात प्रत्येक दाराला कडाप्प्याचा उंबरा आहे – स्वयंपाकघराला, न्हाणीघराला, झोपण्याच्या खोल्यांना, मागच्या अंगणाच्या दारालाही. जिला पायाखालचे दिसत नाही, तिच्या वाटेत दगड कशाला? सगळे काढून फरशी एका पातळीत आणायची, असा माझा आराखडा आहे. साईनाथलाही तो पटला. "सायेब, आता कुनी उंबरा ठेवत न्हाई. फ्लॅटमदी बघा, समदं प्लेन हाय."

सुनीती म्हणाली, "उंबरे राहू द्या."

"कारण?"

"सवय आहे."

"सवय हे काही कारण नव्हे. ठेच लागेल."

"आजवर लागली का?"

लागलेली नाही. पण म्हणून लागणारच नाही, असे होत नाही. तडजोड म्हणून पुढच्या दाराचा लाकडी उंबरा ठेवायला मी तयार झालो. त्यावर ती रोज हळद-कुंकू वाहते. तर म्हणाली, "तो तुम्हाला लागतो, चपला काढायला. मी आतल्या उंबऱ्यांबद्दल बोलते आहे."

भिंतीपलीकडच्या वासंतीबाईंच्या कानावर सगळे गेले असावे. संध्याकाळी कुंपणापाशी म्हणाल्या, "उंबरे काढताय म्हणे? बरंच आहे. पाहुण्यांनी कुठं थांबायचं ते त्यांना कळणार नाही. तसंही तुमच्याकडे कोण येतंय!"

मी नमस्कार करून आत आलो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

फरशी निवडली. सुनीतीला बरोबर नेले होते, कारण निवड दोघांची असावी. तिने रंगाविषयी एक शब्द काढला नाही. प्रत्येक नमुन्यावरून तळहात फिरवला. मग चपला काढून दुकानातच अनवाणी उभी राहिली. दुकानदार हसला. मला ते आवडले नाही – त्याचे हसणेही आणि तिचे उभे राहणेही.

"हॉलमध्ये मोझॅइक आहे, ते राहू द्या," ती म्हणाली. "आणि स्वयंपाकघरातली शहाबादी."

मी समजावले. दोन फरश्यांच्या सांध्यात घाण साचते, पातळीत फरक राहतो आणि त्या फरकातच माणूस पडतो. संपूर्ण घरात एकच फरशी, फिकट राखाडी, पाय न घसरणारी. शेवटी म्हणाली, "करा मग." मागणी नोंदवताना सर्व खोक्यांवरचा क्रमांक एकच आहे, हे मी स्वतः तपासले. एक खोके जास्तीचे घेतले. पुढे एखादी फरशी तडकली की त्याच रंगाची दुसरी मिळत नाही. हे लोकांना घर झाल्यावर कळते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

डोळ्यांची तपासणी आज होती. सुनीतीने पुढे ढकलली. "फरशीचं काम आटपू दे. धुळीचे डोळे घेऊन काय जायचं?" हट्टच धरला. मी पाडव्यानंतरची वेळ घेतली.

४ मार्च, मंगळवार

साईनाथशी खटका.

न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवून झाला, असे त्याने सांगितले. मी दोन्ही हातांनी धरून त्याला लोंबकळलो. दांडा हातात आला! नुसत्या फरशीत प्लॅस्टिकची बुचे ठोकून त्याने तो लावला होता. जिच्यासाठी तो आहे, तिने घसरताना धरला असता तर? आधाराचा दांडा भरीव भिंतीतच रोवावा आणि मालकाने स्वतःचे वजन टाकून पाहावा. कोणाच्या शब्दावर राहू नये.

मग मी रुपयाचे नाणे घेऊन नव्या फरश्या वाजवल्या. दाराजवळच्या पोकळ बोलल्या – खाली मसाला भरलेलाच नव्हता. उखडायला लावल्या. साईनाथ चिडला. "सायेब, तुमी तर देवळातल्या घंटीवानी समद्याच वाजवाया लागला." मी म्हटले, "घंटा पोकळच असते, साईनाथ. फरशी नसावी."

सुनीती आतून हसल्याचे ऐकू आले. बऱ्याच दिवसांनी.

७ मार्च, शुक्रवार

उंबरे निघाले. काढताना सुनीती घरात थांबली नाही. वासंतीबाईंकडे जाऊन बसली. दुपारी त्या खाचांत फरशी बसल्यावर पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत मी गोटी सोडून पाहिली. सरळ घरंगळत गेली. इतके निर्दोष काम मी स्वतःच्या हाताखाली प्रथमच करवून घेतले आहे.

अंगणात उतरणाऱ्या पायऱ्या तेवढ्या राहिल्या. त्या काढता येत नाहीत. वरच्या पायरीच्या कडेला ठळक पिवळी पट्टी मारून घेतली. समोरून स्पष्ट दिसते.

९ मार्च, रविवार

मिशी काढली.

फरशी कापण्याच्या धुळीने ओठावर पुरळ आले होते. मुखपट्टीने आणखी चिघळले. त्वचेच्या डॉक्टरांनी दुसरा उपाय ठेवला नाही. लग्नाआधीपासूनची मिशी! आरशात माझे वडील दिसले, तेही आजारी.

वासंतीबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अरे वा, घराबरोबर तुमचंही सपाटीकरण?" साईनाथने तर आधी मला ओळखलेच नाही. सुनीतीने मात्र मिशीबद्दल एक अक्षर उच्चारले नाही. जेवताना समोरासमोर बसलो होतो. माझ्या तोंडाकडे सरळ पाहून म्हणाली, "आमटी गार होतेय." बस्स. उंबऱ्यांचा राग असा निघतो आहे. मीही विषय काढला नाही. तिला बोलायचे नसेल तर न बोलो.

१२ मार्च, बुधवार

घर आवरून झाले, पण सुनीती हॉलमधल्या एकाच खुर्चीत बसून असते. उठली तर भिंतीला हात लावत जाते. विचारले तर म्हणाली, "नवीन घर आहे. ओळख होऊ दे." हे टोमणे मला कळतात.

आज मी स्वयंपाकघरात गेलो तर दचकली. "कोण?" मी म्हणालो, मीच. "बोलत या हो! मांजरासारखे काय येता!"

ज्या घरासाठी एवढा खटाटोप केला, त्या घरात माझ्या चालण्याचीही तक्रार!

१५ मार्च, शनिवार

सुनीती पडली.

मागच्या दाराच्या पायऱ्यांवरून अंगणात. डावे मनगट मोडले आहे, प्लास्टर घातले. डोक्याला लागले नाही. मी हॉलमध्ये वर्तमानपत्र वाचत होतो. आवाज आला तेव्हा मला वाटले, साईनाथचे उरलेले पोते पडले.

अर्णव दवाखान्यात धावत आला. ती एक्स-रेसाठी आत होती. क्षणभर माझ्याकडे बघत राहिला – "मिशी?" – आणि लगेच, "ते जाऊ दे. बाबा, हे सेफ घर का? ती पडली, आपल्या घरात, दिवसाढवळ्या!" मग म्हणाला, "पाडव्याला गाडी घेऊन येतो. बॅगा भरून ठेवा."

घरी आल्यावर तिला विचारले, कशी पडलीस? म्हणाली, "मला वाटलं, मी अजून स्वयंपाकघरातच आहे."

१६ मार्च, रविवार

पडताळा जुळत नाही.

मी त्या दारात दहा वेळा उभा राहिलो. ऊन लख्ख होते. पट्टी पिवळीजर्द आहे. जिला समोरचे दिसते, तिला ती पट्टी दिसलीच पाहिजे. मग पडली कशी? लक्ष नव्हते का? की रागाने चालत होती?

तरीही प्रकाश वाढवायला हवा. वायरमनला बोलावून मागच्या दाराशी आणि बोळात मोठे दिवे लावून घेतले. सगळे घर झगझगीत झाले. सुनीतीला विचारले, आता बरे दिसते ना? "हो," म्हणाली. "छान आहे."

फार सहज म्हणाली.

१९ मार्च, बुधवार

दुपारी औषधाची गोळी दिली तेव्हा तिने माझा हात धरून ठेवला.

"अहो, एक मागू? मला माझे उंबरे परत द्या."

मी कारण विचारले नाही. हे माझ्या हातून क्वचितच घडते. तिने हात अजून सोडला नव्हता, म्हणून असेल.

मग तिने सांगायला सुरुवात केली आणि मी ऐकत राहिलो. स्वयंपाकघराला रुंद उंबरा, कडा गोल केलेल्या. न्हाणीघराला अरुंद आणि खडबडीत. आमच्या खोलीला लाकडी, म्हणजे पायाला गार लागणार नाही. मागच्या दाराला आधीपेक्षा उंच, आणि त्याच्या आत पावलाच्या अंतरावर शहाबादीची एक खरखरीत लादी. "म्हणजे दार आलं हे आधीच कळेल."

एखाद्या इंजिनियरने सांगावे तसे! इतका नेमका तपशील तिने कधी ठरवला?

साईनाथ फोनवर म्हणाला, "सायेब, चेष्टा करताय व्हय? आत्ताच तर काढलं!" मी म्हणालो, चेष्टा करायची सवय मला नाही. जुने उंबरे त्याने टेम्पोतून नेले होते. कडाप्पा नवा आणावा लागेल.

२४ मार्च, सोमवार

उंबरे बसले. गुळगुळीत, निर्दोष फरशीत काळे पट्टे उठून दिसतात. सांधे मला आवडले नाहीत. माझा आराखडा मोडला, हे मान्य करतो.

सुनीती दिवसभर अनवाणी फिरली. खुर्ची रिकामी होती.

२९ मार्च, शनिवार

अर्णव आजच आला. रिकाम्या बॅगा घेऊन. दारातूनच म्हणाला, "आई, काय काय घ्यायचं ते सांग. बाकीचं मागाहून."

सुनीती उठली. "आधी चहा तर घे." एका हाताने चहा केला, आले किसले, ट्रे घेऊन उंबऱ्यावरून आली. एक थेंब सांडला नाही. मग आतल्या खोलीत जाऊन त्याची लहानपणीची गोधडी घेऊन आली. मागच्या दाराने अंगणात उतरली, कढीपत्ता तोडला, परत आली. पायाखाली एकदाही पाहिले नाही. जाता-येता अर्णवला म्हणाली, "पाय आवर तुझे. वाटेत आहेत." खरोखर होते! तो मोबाइलवर बोलत पसरून बसला होता. त्याचा आवाज जिथून येत होता तिथून पुढे पाय असणारच, हे कोणीही ओळखेल.

अर्णव बराच वेळ तिच्याकडे पाहत होता. मग हळू आवाजात मला म्हणाला, "बाबा, आई तर एकदम ओके आहे. उगीच पॅनिक झालो. राहा तुम्ही इथेच." बॅगा रिकाम्याच गाडीत ठेवल्या. रात्री मुक्कामाला थांबतो आहे. उद्या गुढी इथेच उभारायची.

या कामात शेवटी हिशेब जुळला, असे म्हणायला हरकत नाही. पिवळ्या पट्टीचे कोडे तेवढे राहिले.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभी राहिली. अर्णव खुर्चीवर चढून दोरी बांधत होता. सुनीती कडुलिंबाची गोळी घेऊन माझ्यापुढे आली. "दरवर्षी चुकवता. आ करा."

तिची बोटे माझ्या ओठावर टेकली. तिथेच थांबली. पुन्हा एकदा, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली.

"अहो," ती कुजबुजली, "मिशी कधी काढलीत?"

तीन आठवडे आम्ही समोरासमोर बसून जेवतो आहोत.

"काय म्हणतेय आई?" अर्णवने वरून विचारले.

"काही नाही," मी म्हणालो. "कडू लागतंय का, विचारतेय."