वडिलांना डोंगरावरून खाली आणायचं

२० जुलै, रविवार

वही, माफ कर. भात लावल्यापासून एक ओळ लिहिली नाही. गुडघा दुखत होता असं लिहिणार होतो, पण गुडघ्याने थोडंच लिहायचं असतं! खरं कारण धास्ती. एखादी गोष्ट कागदावर उतरवली की ती फिसकटते, असा माझा अनुभव. पण आता उशीर पुरे. ठरलंच आहे, तर लिहितो.

वडिलांना डोंगरावरून खाली आणायचं. या येणाऱ्या अधिक महिन्यात.

सकाळी सांग-ह्योकचा फोन आला. एकुलता एक पोरगा, उल्सानला जहाजाच्या कारखान्यात असतो. म्हणाला, "बाबा, दोन तारखेला आम्ही येतोय. तुम्ही डोंगर चढायचा नाही, मी पाठीवर नेईन."

"मी काय तांदळाचं पोतं आहे?"

"पोतं निदान गप्प असतं."

पंचांगात दहा-दहा दिवसांनी येणाऱ्या उकाड्याच्या तीन दिवसांतला आज पहिला. गावच्या सभागृहात सगळ्यांना कोंबडीचं सूप होतं — माणशी एक अख्खी कोंबडी, पोटात भात भरलेली. कोणाला सांगायचं नाही असं ठरवून गेलो होतो. पहिली तंगडी संपायच्या आत सगळ्यांना सांगून मोकळा! गावप्रमुख फ्यो म्हणाला, "यॉमदादा, माझं छोटं खोदयंत्र घेऊन येतो. दारू तेवढी थंड ठेवा."

२१ जुलै

आई गेली त्याला सदतीस वर्षं झाली. भुईमुगाच्या शेताच्या कडेला तिला ठेवलं, घरातून दिसते. जाताना म्हणाली होती, "मला वर नेऊ नका, मला चढवत नाही. त्यांनाच खाली आणा माझ्याजवळ." मी म्हटलं, आणतो, येत्या अधिक महिन्यात. अधिकात देव-भुतं सगळी सुटीवर असतात. थडगं हलवलं तरी कोणी रागवत नाही.

दर दोन-तीन वर्षांनी अधिक येतो. एकदा पूर आला. एकदा बायकोचं, म्हणजे हादोंगवालीचं (हादोंग तिचं माहेर), ऑपरेशन. एकदा सांग-ह्योकचं लग्न. बाकीच्या वेळी नुसतं "पुढच्या वेळी बघू." मी अठ्ठ्याहत्तरचा. पुढच्या वेळी मलाच कोणी उचलत असेल.

२५ जुलै

अधिक लागला.

३० जुलै

आईशेजारचं गवत काढून जमीन सारखी केली. भुईमुगाच्या दोन ओळी गेल्या. हादोंगवाली काही बोलली नाही, म्हणजे तिलाही बरं वाटत असणार. वडिलांना गुंडाळायला तिने तागाचं कापड धुऊन, कांजी करून ठेवलंय.

वर गेल्यावर वडिलांना चार शब्द सांगावे लागतात — जागे व्हा, घर बदलायचंय. मी ते लिहून काढले. तिने वाचले. ती सहावीपर्यंत शिकली, मी चौथीपर्यंत, आणि या दोन वर्षांचा तोरा ती पन्नास वर्षं मिरवतेय.

"अहो, हे काय लिहिलंय? हे वाचून ते उठायचे नाहीत, कूस बदलून झोपतील."

पुन्हा लिहिलं. झोप नाही. पाऊस आला तर? फ्योचं यंत्र बिघडलं तर?

२ ऑगस्ट, शनिवार

अक्षर बघू नकोस.

पहाटेच निघालो. सांग-ह्योकने खरंच पाठीवर घेतलं. सून मी-रान मागून छत्री धरून. फ्यो आणि गावातले पाच जण. पाठीवर बसून मी सगळ्यांना सूचना देत होतो, डावीकडून जा, दगड बघ. फ्यो म्हणाला, "घोड्यावर बसलेला सरदार दिसतोय." फार दिवसांनी इतका हसलो.

वर पोचलो. दारू ओतली, वाकलो, चार शब्द वाचले. सांग-ह्योकने रिवाजाप्रमाणे तीनदा ओरडून पहिलं फावडं मारलं. वरची माती यंत्राने, नंतरची हाताने. मी काठावर बसून. एकाहत्तर वर्षांनी वडील दिसणार! चेहरासुद्धा नीट आठवत नाही मला.

हाडं बरीच होती, पिवळी, स्वच्छ. फ्यो म्हणाला, छान जागा आहे, पाणी लागलेलं नाही. मग त्याने डोक्यापाशी हात घातला आणि थांबला. त्याच्या हातात अंबाड्याचा आकडा होता. हिरव्या दगडाचा, बाईमाणसाचा.

त्याने तो माझ्यापुढे धरला.

फ्यो हळूच म्हणाला, "दादा, तुमचे वडील केस बांधायचे का हो?"

हसलं कोणी नाही. मीच म्हटलं, परत ठेवा. जसं होतं तसं. वडिलांसाठी आणलेल्या कापडात त्या बाईला नीट गुंडाळलं, माती लोटली, उंचवटा केला. मी दोनदा वाकलो. काय म्हणायचं ते कागदावर नव्हतं. म्हटलं, "बाई, चूक झाली. झोपा."

घरी आल्यावर हादोंगवालीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे दर वर्षी एका परक्या बाईला दारू पाजत होतात."

मग तिने मला भात वाढला आणि आत जाऊन रडली.

३ ऑगस्ट

हे तुलाच सांगतो. घरात कोणाला सांगितलेलं नाही.

वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा. काकाने पुरलं, काकाच गवत काढायचा. मी सतराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत गेलो, बारा वर्षांनी आलो. तोवर काका गेलेला. आईला म्हटलं, जाऊन गवत काढून येतो. वर गेलो तर दरड कोसळून सगळं बदललेलं. उतारावर दोन थडगी — एक खाली, एक वीस पावलं वर. मला नक्की आठवेना. आई कधी वर गेलेली नाही. गावात एक-दोन म्हातारे होते, त्यांना विचारता आलं असतं. लाज वाटली. बापाचं थडगं विसरलेला पोरगा! खालच्याजवळ पाइनची सावली होती, ते निवडलं.

एकोणपन्नास वर्षं मनात हे कुसळ होतं. दर शरद ऋतूत गवत काढताना टोचायचं.

९ ऑगस्ट

उकाड्याचा शेवटचा दिवस. सभागृहात कलिंगड आणि माझा विषय. मी आज सगळं सांगून टाकलं, सावलीसकट. वाटलं थुंकतील. फ्यो म्हणाला, "दादा, माझा मेहुणा तीन वर्षं दुसऱ्याच्याच थडग्यावरचं गवत काढत होता. खरे मालक येऊन आभार मानून गेले तेव्हा कळलं." मग ज्याला-त्याला स्वतःची गोष्ट आठवली. मला इतकं हलकं वाटलं की कलिंगडाच्या चार फोडी खाल्ल्या.

म्हणजे वडील वरच्या थडग्यात. मी म्हटलं, उद्याच चढू! अधिक संपायला तेरा दिवस आहेत.

फ्यो म्हणाला, "हात लावायचा नाही. तुम्ही तिथे कधी वाकलात? नाही. तिथलं गवत दर वर्षी कोणीतरी काढतं. ते आपली आई समजून काढत असतील. त्यांना न विचारता खणलं तर पोलीस तुम्हाला पाठीवर नेतील."

ते कोण, गावात कोणाला माहीत नाही. पण शरदातल्या पितरांच्या सणाआधी गवत काढायला येतीलच. तेव्हा गाठायचं.

२२ ऑगस्ट

अधिक संपला. तीन दिवस सारखा पाऊस. आईला म्हटलं, थोडं थांब. सापडल्यावर महिना बघत बसायचो नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

गवत काढण्याचे दिवस सुरू! सगळ्या डोंगरावर यंत्रांची घरघर. पहाटेपासून वाटेच्या तोंडाशी स्टुलावर बसलो. जाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं — पाइनच्या वरच्या थडग्यात तुमचं कोण आहे? एकाला वाटलं मी वाटेचे पैसे मागतोय. एका बाईने मला भूक लागली असेल म्हणून भाताची गुंडाळी दिली. अकरा घराणी गेली. त्यांत ते नव्हते. पण माणसं काय काय सांगतात! वर कोणाचं कोण झोपलंय हे मला आता गावात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत.

१४ सप्टेंबर

सात घराणी. ते नव्हेत. हादोंगवाली दुपारचं जेवण घेऊन आली आणि शेजारी बसून तीही विचारू लागली. माझ्यापेक्षा बरं विचारते.

२७ सप्टेंबर

शेवटचा शनिवार गेला. कोणी नाही. मेले असतील का? की तेही थकले, माझ्यासारखे? वरचं गवत कंबरेएवढं झालं असणार.

३ ऑक्टोबर, सकाळ

सणाला पोरं आली. मी-रान आणि हादोंगवाली तांदळाच्या पिठाचे सोंगप्योन वळतायत, वाफवायला खाली घातलेल्या पाइनच्या पानांचा घरभर वास. सांग-ह्योक म्हणाला, "बाबा, परवानगी नाही तर नाही. निदान गवत काढून येतो, आजोबांना सणाला स्वच्छ वाटेल." फ्योही गेला बरोबर. मी अंगणात.

दुपार

फोन आला. सांग-ह्योकला धाप लागलेली. "बाबा, वरचं थडगं नाहीये. खणलंय. खड्ड्यात पाणी साचलंय."

नेलं वडिलांना. कोणीतरी आई समजून नेलं आणि हल्ली करतात तसं जाळलं असणार. माझ्या एका सावलीपायी.

"बाबा, ऐकताय का? इथे एक फळी रोवलीय. पावसाने अक्षरं पुसट झालीत. फोटो पाठवतो."

संध्याकाळ

मी-रानने फोटो मोठा करून दाखवला. हादोंगवालीने वाचलं. मी इथे उतरवून घेतो, एक शब्द न गाळता.

"खालच्या थडग्याची देखभाल करणाऱ्यांना. आम्ही मेंग घराण्यातली तीन भावंडं, डोंगरापलीकडे राहतो. अधिक महिन्याच्या शेवटच्या दिवशी आमच्या आईला न्यायला आलो. इथे पुरुष निघाले. चाळीस वर्षं आम्ही त्यांनाच आई म्हणत होतो. ते सुखरूप आहेत, जाळलेलं नाही. आमच्या गावच्या मठात ठेवलंय, रोज पाणी देतो. आमची आई बहुधा तुमच्याकडे आहे. थडगं इतकं नीट ठेवलेलं बघून आम्ही तिथे बसून खूप रडलो. पलीकडून आम्हाला तुमचं गाव कोणतं ते कळत नाही. आम्ही तिघंही सत्तरीपुढची आहोत. नंबर खाली दिलाय. कृपा करून लवकर कळवा."