साखळी, खांब, बोर

अण्णा,

परवा शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर तुमचा एक जुना शिष्य भेटला. आता तेही म्हातारे झाले, दात गेले, हातात काठी आली. मी गडू भरून वर येता येता एका नावाड्याशी हुज्जत घालत होते, तर त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. "घनपाठींची मुलगी ना तू?" म्हणाले आणि शेजारी बसवून घेतलं. मग घरी सगळे बरे ना, हे विचारावं इतक्या सहजपणे त्यांनी एक गोष्ट सांगितली. ज्या वर्षी तुम्हाला मंत्रजागराची बोलावणी बंद झाली, त्या आषाढात दोन वडीलधारे वैदिक आपल्या घरी आले होते. तीन गोष्टी करा, म्हणजे सगळं पूर्ववत होईल, असं म्हणाले. आणि तुम्ही नाही म्हणालात. मी पायरीवर बसूनच राहिले. ऊन डोक्यावर आलं, लोक अंघोळी करून निघून गेले, तरी मला उठता येईना. चाळीस वर्षं मी समजून चालले होते की तुम्हाला लोकांनी बाजूला टाकलं. तुम्हाला परतीची वाट होती आणि तुम्ही ती घेतली नाहीत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही.

तेव्हापासून दोन दिवस हाताला काम लागत नाही. म्हणून लिहायला बसले. माझ्या मराठीत आता हिंदी फार मिसळली आहे, तेवढं चालवून घ्या.

होळी होऊन आठवडा झाला होता. आपण मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. बाहेरच्या खोलीत तुमचे शिष्य, मधे देव आणि आत स्वयंपाकघर, ते आईचं आणि माझं. त्या सकाळी आई चुलीपासून जरा लांब पाटावर बसून क्रोशाची पिशवी विणत होती. माझ्यासाठी. मी शाळेत पुस्तकं जुन्या गमछ्यात बांधून नेत असे आणि मुली हसत. आईने मला वचन दिलं होतं. "ऊन कडक व्हायच्या आत तुला पिशवी देते. सुताची, जाळीची. घाम लागला तरी वास येणार नाही, आतून वारा खेळेल." शेजारच्या बंगाली काकीमाकडून ती क्रोशा शिकली होती आणि काकीमाच्याच उरल्यासुरल्या गुंड्यांचे रंग होते, हळदी, डाळिंबी, पोपटी, जांभळा. गोल तळ भाकरीएवढा झाला होता आणि त्यावर एकेका रंगाची ओळ चढत होती. प्रत्येक ओळीत फुगीर गाठी. आई त्यांना बोरं म्हणायची. पिशवीवरून हात फिरवला की बोटांना एकेक बोर लागत जाई. मी शाळेला निघाले तेव्हा ती डाळिंबी ओळ मोजत होती, आणि मोजणी चुकेल म्हणून तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलंही नाही.

दुपारी परत आले तर काकीमा जिन्यातच उभी. तिने मला वर जाऊ दिलं नाही. हैजा, म्हणजे पटकी, एवढा एकच शब्द मला कळला. दिवेलागणीच्या आत आई नव्हती. सकाळी ओळ मोजणारं माणूस संध्याकाळी नसतं, हे मला दहाव्या वर्षी समजलं. खरं सांगायचं तर पन्नाशीतही नीटसं समजलेलं नाही.

दिवसांसाठी आत्या दारागंजहून आली होती. तेराव्यानंतर आईच्या वस्तू वाटताना तिच्या हाताला ती पिशवी लागली. सुई अजून टाक्यात अडकलेली होती. "अर्धवट राहिलेलं काम घरात ठेवू नये रे. गेलेल्याचा जीव घुटमळतो. गंगेत सोडून दे," आत्या म्हणाली. तुम्ही तिच्या हातातून पिशवी घेतलीत, "राहू दे" म्हणालात आणि ती देवाच्या फळीखाली ठेवून दिलीत. मला वाटलं, तुम्हाला वाद नको होता.

तुमच्याबद्दल मला तेव्हा फारसं ठाऊक नव्हतं, अण्णा. भीती तेवढी होती. मी सातेक वर्षांची असताना तुमचे शिष्य वेदाचा घन म्हणत होते, तेच शब्द पुढून-मागून फिरवत, आणि मी दाराआडून त्यांच्या मागोमाग एक ओळ म्हटली. बरोबर म्हटली होती. तुम्ही बाहेर आलात. मारलं नाहीत, ओरडलातही नाही. "ओठ मीट. हे तुझं नाही," एवढंच म्हणालात आणि दार ओढून घेतलंत. त्या दिवसापासून तुमच्या खोलीवरून जाताना मी श्वाससुद्धा हळू घेत असे. शाळेतही मला तुम्ही आईच्या हट्टाखातर घातलं होतंत. आई गेल्यावर माझी शाळा आता सुटणार, असं मी धरूनच चालले होते.

वैशाखात लू, ते भाजून काढणारं वारं, सुरू झाली आणि एक दिवस शाळा लवकर सुटली. मी घरी येते. बाहेरच्या खोलीत कुणी नाही, शिष्य जेवायला अन्नछत्रात गेले आहेत. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. आतून तुमचा आवाज येतो आहे, तोच, घन म्हणतानाचा. मी दार ढकलते. तुम्ही आईच्या पाटावर बसला आहात, उघडे, जानवं पाठीवर टाकलेलं. मांडीवर पिशवी, हातात क्रोशाची सुई. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावरून सुतावर टपकतो आहे. आणि तुम्ही म्हणता आहात, "साखळी खांब, खांब साखळी, साखळी खांब बोर, बोर खांब साखळी, साखळी खांब बोर."

माझ्या हातातलं पुस्तकांचं गाठोडं खाली पडलं. काशीतल्या पंडितांची मान ज्यांच्यापुढे लवते ते माझे वडील बायकांचं काम करत होते, आणि वेदाच्या चालीवर टाके म्हणत होते. त्या क्षणी मला तुमचं डोकं फिरलं असंच वाटलं. आई गेली, आता अण्णाही गेले.

तुम्ही वर पाहिलंत. "दार लाव. झळ येतेय." मग पिशवी पुढे केलीत. "साखळी येते. खांबही येतो. आईने केलेले टाके उलगडून पाहिले, मग जमले. हे बोर मात्र सुटून जातं. तू पाहिलंयस का तिला करताना?"

मी पाहिलं होतं, पण सांगता येईना. "काकीमाला येतं," मी म्हणाले.

"मी तिच्या दारात जाऊन हे कसं विचारू? तू जा. ती काय म्हणते ते शब्दन्‌शब्द घेऊन ये."

मी गेले. काकीमाने हसून स्वतःच्या सुईवर करून दाखवलं. "एक ही छेद में पाँच बार. फिर सुई निकालो, पहलेवाले में डालो, और खींच लो. किसको बताना है?" मी म्हणाले, मलाच शिकायचं आहे. परत येईपर्यंत अर्धं विसरले. तुम्ही मला दुसऱ्यांदा पाठवलंत, तिसऱ्यांदा पाठवलंत. मग समोर बसवलंत. "हात विसरतात, तोंड विसरत नाही. आधी दोन शब्द घे. पुढून म्हण, मागून म्हण. मग तिसरा जोड. तीनही पुढून, तीनही मागून, पुन्हा पुढून. असं म्हटलेलं अक्षर जागचं हलत नाही. म्हण." आणि मी म्हटलं. तुमच्यासमोर बसून, मोठ्याने, तुमच्या खोलीत जे म्हणायची मला मनाई होती त्या चालीत. चुकले की तुम्ही शिष्यांना थांबवता तसंच दोन बोटं उचलून मला थांबवत होतात. बोर कसं काढायचं ते तुम्हाला त्या दुपारी जमलं. मला जमलं नाही, आजही जमत नाही. पण घन म्हणजे काय ते मला कळलं. कुठल्याही मंत्राशिवाय, नुसत्या टाक्यांवर.

ज्येष्ठात पिशवी पुरी झाली. आईच्या ओळी घट्ट, तुमच्या सैल. तुमचा जांभळा पट्टा एका बाजूला झुकलेला. बंद तुम्ही जरा लांबच केलेत, ती माझ्या गुडघ्याला लागायची. मला ती इतकी आवडली की आठ दिवस मी ती रिकामीसुद्धा हातात घेऊन हिंडत होते.

आणि मग अमृतराव घाटाजवळच्या त्या यजमानांच्या घरचा मंत्रजागर. आत मोठ्या दालनात वैदिक दोन रांगांनी समोरासमोर बसलेले. बाहेर अंगणात बायका, आंब्याचं पन्हं, वाळ्याचे पंखे. आत एक सूक्त संपून दुसरं सुरू व्हायचं होतं, मधे जराशी शांतता होती. यजमानीणबाईंनी माझी पिशवी हातात घेतली, बोरांवरून बोटं फिरवली. "काय सुरेख गं. आईने विणली होती का?"

"अर्धी आईने," मी म्हणाले. "पुढची अण्णांनी."

बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, "घनपाठी आणि क्रोशा? खोटं बोलू नये बाळ." तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणून दाखवलं. साखळी खांब, खांब साखळी. साखळी खांब बोर, बोर खांब साखळी. स्वरांसकट, दोन बोटांसकट. माझं पुरं व्हायच्या आतच अंगणातले पंखे थांबले होते. आत दुसरं सूक्त सुरू झालंच नव्हतं. दारात सगळ्यांत वयोवृद्ध गुरुजी उभे होते, त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"ही थट्टा हिला कुणी शिकवली?"

त्यांच्या मागून तुम्ही आलात. "मी शिकवली. पण ती थट्टा नाही."

"आणि ती पिशवी?"

"तीही मीच केली. निम्मी."

 यजमानांनी तुमच्या पुढ्यातलं नारळ-वस्त्र उचललं की तुम्हीच ते तिथे ठेवून आलात, हे मला आठवत नाही. तुम्ही माझा हात धरलात आणि आपण घाटाघाटानेच घराकडे चालायला लागलो, इतकंच आठवतं. दगड तापलेले होते आणि मी अनवाणी.  बरंच अंतर गेल्यावर तुम्ही म्हणालात, "‘बोर खांब साखळी’ला तुझा स्वर घसरला. बाकी ठीक होतं." त्या विषयावर तुम्ही माझ्याशी बोललेलं एवढंच, त्या दिवशी आणि त्यानंतरही.

बोलावणी थांबली. दक्षिणेतून आलेले शिष्य एकेक करून दुसऱ्या गुरूंकडे गेले. परवा घाटावर भेटले ते एक तेवढे काही दिवस जास्त राहिले. तुम्ही लोकांच्या पोथ्या उतरवून द्यायला लागलात. भातावरचं तूप गेलं, मग सणाची पुरणपोळी गेली. पहाटे तुम्ही एकटेच भिंतीकडे तोंड करून घन म्हणायचात, समोरच्या रांगेतून उत्तर द्यायला कुणी नसे. माझी शाळा मात्र चालू राहिली आणि मी ती पिशवी घेऊन जात राहिले, तिचा तळ फाटेपर्यंत. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात तुम्ही गेलात. मला येता आलं नाही.

परवा तुमच्या शिष्याने सांगितलं ते असं. त्या दिवशी ते बाहेरच्या खोलीत पाठ करत बसले होते, मी शाळेत होते. आलेले दोघे म्हणाले, "पोरीची शाळा सोडवा. ती पिशवी गंगेत सोडा. तुम्ही पंचगव्य घेऊन प्रायश्चित्त करा. विषय संपला." तुम्ही म्हणालात, "पंचगव्य घेतो. दोष असेल तर तो माझ्या तोंडाचा आहे. पोरीने आणि पिशवीने काय केलंय?" ते म्हणाले, तिन्ही करायला हवं, त्यात निवड नाही. "मग राहू द्या," तुम्ही म्हणालात आणि शिष्याला पाणी आणायला सांगितलंत, उन्हातून आलेल्या पाहुण्यांसाठी.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं कुणी?" ते म्हणाले, "त्यांनीच शपथ घातली होती. पोर स्वतःला दोष देईल, म्हणाले. तिला काय ठाऊक होतं, म्हणाले."

हे ऐकल्यापासून मी हादरले आहे, अण्णा. बाकी सगळं एकवेळ पचेल, पण तुमचं ते शेवटचं वाक्य पचत नाही. राजाचं चित्र असलेलं टपालाचं तिकीट लावून हे पत्र पोचेल अशी जागा नाही. असती तरी मी ते टाकलं नसतं, कारण आता जे लिहिते आहे ते तुम्ही वाचावं असं मला वाटत नाही. मंत्रजागराच्या त्या दिवशी मी कुणाच्या हसण्याला चिडून उठले नव्हते. आत सगळे बसले आहेत आणि आत्ता शांतता आहे, हे मला पक्कं माहीत होतं. दालनातल्या रांगेत तुम्हाला माझा आवाज ऐकू जावा म्हणून मी तो मुद्दाम चढवला होता.