टेसाचं शेवटचं पान

खाणीचा कॅम्प, ८ नोव्हेंबर

प्रिय मार्लीन,

मी मजेत आहे. थंडी कडाक्याची, पण स्वयंपाकी रेजाँ पोटभर खायला घालतो. तुझा खोकला कसा आहे?

आपल्या टेसाला नाताळनंतर फ्रेंच वर्गातून काढू या म्हणतेस. खरंय, आपल्या दोघांनाही त्यातलं ओ की ठो कळत नाही. सोमवारचं नवं गाणं, गुरुवारची शब्दांची परीक्षा, सगळं तिचं तीच करते. पण बाई दर शुक्रवारी पुस्तक घरी पाठवतात, ते आपण नुसतं बसून ऐकावं म्हणून.

या रविवारी तिने ते मला फोनवर वाचून दाखवलं. मी आपला हुं हुं करत होतो. फोन स्वयंपाकघरात, स्पीकरवर, आणि रेजाँ पडला क्युबेकचा, फ्रेंच त्याची मायबोली. पावाचं पीठ मळता मळता कान इकडेच.

नंतर म्हणाला, "बॉस, पोरगी झकास वाचते हो! पण शेवटचं पान चार वेळा वाचलं. कळलं तरी का तुम्हाला?"

मला वाटलं, पुस्तकच मोठं आहे. "अडखळत होती का रे?"

"छे! फोन ठेवायचा नव्हता तिला."

मार्लीन, तिचा वर्ग बदलू नकोस. आता बुधवारीही फोन करेन. तिला सांग, हवं तितक्या वेळा वाच.

तुम्हा दोघींच्या आठवणीत,
गार्नेट