पांढरे रुमाल

धाकट्याच्या आईस,

देवाच्या दयेने मी इथे कामावर सुखरूप आहे. तुझी पाठ कशी आहे?

परमुलखात पलटणीत असलेल्या आपल्या लेकासाठी तू दिलेले मोजे, साबण, सुईदोरा आणि तू शिवलेले पांढरे रुमाल पार्सलात भरले. आमचा पहारेकरी जुना फौजी आहे. रुमाल पाहून म्हणाला, "दादा, पांढरं लांबून दिसतं." म्हणून मी ते चहाच्या पाण्यात उकळले. तुझे टाके शाबूत आहेत, रागावू नकोस. तसेही मळखाऊ बरे. तुझा लेक धुण्याचा आळशी. तू दिलेला आरसाही काढून ठेवला, वाटेत फुटला असता.

त्याचं पत्र आलं का? आलं की लगेच कळव. सांजवात लावताना माझ्या वाटचाही नमस्कार कर.

एक रुमाल पांढराच ठेवलाय. लेक घरी आला की त्याच्या हातात देईन.

तुझाच,
धाकट्याचा बाबा