गुळाचं पारडं

१२ जून, गुरुवार
केजच्या डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आलो. यांची तपासणी चांगली आली. मला म्हणाल्या, "आधी थोडं वजन उतरवा, पाळी ताळ्यावर येऊ द्या. दिवाळीनंतर औषधाचं बघू." म्हणजे परत थांबा.

सासूबाई दारातच. "काय म्हनली गं?" सांगितलं. तशाच आत गेल्या. स्वयंपाकघरात मामंजींच्या भाजीच्या गाड्यावरचा तराजू अजून टांगलेला आहे. नातवंडाला एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात गूळ, आणि तो गूळ देवीपुढं वाटायचा, हा त्यांचा नवस. त्यासाठीच मोडीत घालत नाहीत. मी तिकडं बघायचं टाळते.

१६ जून, सोमवार
ठरलं. सोमवार, गुरुवार कडक उपवास. एक पंथ दो काज. महादेवही पावेल, पोटही उतरेल.

आज: खिचडी, दुपारी शेंगदाण्याचे लाडू, रात्री भगर-आमटी, वर थोडं तूप. उपवास म्हणून जास्त काही खाल्लं नाही.

२५ जून
मोबाईलवर बघून गच्चीत दोरीच्या उड्या. अंगात यांचा जुना टी-शर्ट. सा.बा. जिन्यात पहाऱ्यावर. शेजारीण वर यायला निघाली तर, "नगं येऊ, कपडे वाळत हायेत!" जिना उतरून आले. हे म्हणाले, "खाली चुना पडतोय, जरा हळू." मेला विनोद.

बाईंना विचारायचंय: नुसतं पोट कमी होतं का? घाम आला म्हणजे चरबी गेली का? भात सोडू का? खरं विचारायचंय ते निराळंच. होईल ना हो मला?

११ जुलै
दळण आणायला गेले. गिरणीच्या काट्यावर उभी राहिले. गिरणीवाले चाचा म्हणाले, "वैनी, पिशवी खाली ठिवा, न्हाई तर पिठाचं वजन बी तुमच्या नावावर लागंल." पिशवी खालीच होती.

वाढलंय. रांगेतल्या बायकांनी ऐकलं. पिशवी उचलून थेट घर गाठलं. देवासाठी उपाशी राहायचं आणि वर वाढायचं, हा कुठला न्याय?

१४ जुलै, सोमवार
बाईंना फोन केला. "उपवासाला खाता काय?" सांगितलं. आधी हसल्या, मग माझा आवाज ऐकून सावरल्या. म्हणाल्या, साबुदाणा, शेंगदाणे, तूप हे दोन भाकरींपेक्षा जड. उपवास सोडा. वेळेवर भाकरी, भाजी, घट्ट वरण. भात वाटीभर चालेल. घाम म्हणजे पाणी, चरबी नव्हे. नुसतं पोट कुणाचंच उतरत नाही, अंग आपल्या मर्जीनं उतरतं. दोरी चालू राहू द्या, रोज भरभर चाला.

शेवटी तोही प्रश्न विचारला, होईल ना मला? बाई म्हणाल्या, "ते मी आत्ता कसं सांगू?"

सा.बा. ऐकत होत्या. "देवाचं धरल्यालं सोडत न्हाईत." मलाही भीती वाटते. सोडलं आणि त्यामुळंच नाही झालं तर...

२८ जुलै, पहिला श्रावणी सोमवार
सकाळी सा.बा.नी माझ्या ताटात भाकरी आणि मेथी वाढली. स्वतःच्या पुढं काहीच नाही.
"आत्याबाई, सोमवार हाय आज."
"तुझा उपास मी धरलाय. देवाला घरचं मानूस लागतं, कुनी का असंना. खा."
त्या समोरून हलल्या नाहीत. सगळी भाकरी संपवली.

१ सप्टेंबर
पहाटे मांजरसुंब्याच्या रस्त्यानं चालते. साडीखाली यांचे बूट, आत कापूस. आज गिरणीत काटा उतरला! सा.बा.ही हौसेनं चढल्या, तर त्यांचा वाढलेला. "कावून गं? मी तर उपाशी!" चाचांनी तोंड फिरवून हसून घेतलं. "तुमचं माझ्यावर आलं," म्हणत घरापर्यंत मला बोल लावला. किती दिवसांनी पोट धरून हसलो.

संध्याकाळी शेजारणीचं बाळ मांडीवर निजलं. पाय बधिर झाला तरी हलले नाही. तिनं उचलून नेलं तेव्हा मांडी एकदम हलकी झाली. नको असला हलकेपणा.

२५ ऑक्टोबर, शनिवार
पाळी आता वेळेवर येते. बाईंना हवं होतं तेवढं उतरलंय. सोमवारी बोलावलंय.

दुपारी सा.बा. देवळात. स्वयंपाकघरात गेले तर तराजू चिंचेनं घासून लख्ख केलेला. एका पारड्यात गुळाची लहान ढेप. ते खाली गेलेलं, दुसरं वर लोंबतंय, रिकामं. त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं.

बराच वेळ बघत उभी राहिले. आज नजर चुकवली नाही. मग रिकाम्या पारड्यात हात ठेवला आणि दोन्ही पारडी सारखी होईपर्यंत दाबला.
हात भरून आला. सोडवेना.