युनताओ कुणाच्या पाण्यात सापडला

तानशी बंदर, हैनान
२ एप्रिल

लाडके लानशिन,
आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. बाबांचा खोकला आहे तसाच. फोन केला की तू "आई, मीटिंगमध्ये आहे गं" म्हणतेस, म्हणून लिहायला बसले. थडगी झाडायचा सण तोंडावर आलाय. नारळाचा भात करायला हवा, पण हात चालत नाही.

नवं वर्ष झालं आणि उत्तरेच्या वाऱ्यात तुझ्या भावाची बोट उलटली. पलीकडच्या देशाच्या कोळ्यांनी युनताओचा देह पाण्यातून काढला, हे कळलं तेव्हा खरं सांगते, हायसं वाटलं. आपली रीतच आहे ना, समुद्रात प्रेत दिसलं की कुणाचंही असो, उचलायचं, मातीला लावायचं. बाबांनीही असे कितीजण आणले. पाणी कुणाचं, हे कधी विचारलं नाही त्यांनी.

सरकारं विचारतात. तिकडचे म्हणतात, 'आमच्या हद्दीत सापडला' असं लिहून द्या नि घेऊन जा. आपले म्हणतात, तसं लिहिलं तर समुद्रच देऊन टाकल्यासारखं होईल. बाबा गावच्या सेक्रेटरीवर ओरडले, "अहो, मला पोरगा हवाय! समुद्र ठेवा तुमच्यापाशी!"

तो बिचारा खाली बघत म्हणाला, "काका, राजधानीतून, परराष्ट्र खात्याकडून उत्तर आलंय. नाही म्हणून."

त्याने ते वाचून दाखवलं. अधिक चौकशी कुणाकडे करायची, म्हणून खाली तुझं नाव होतं.

बाबा म्हणाले, "नोकरी आहे तिची. देशाचं काम आहे." आणि बोटीवर जाऊन बसले. मला नाही बाई तसं म्हणवत. लानशिन, तो तुझा भाऊ आहे, हे साहेबांच्या कानावर तरी घातलंस का? की घातलं तर काम दुसऱ्याकडे जाईल, तो आणखी कडक लिहील, म्हणून गप्प राहिलीस? तसं असेल तर तसं सांग. मी विश्वास ठेवीन. मला ठेवायचाय गं.

घरच्यांचा होकार असला तर त्या कागदाशिवायही तिकडे पुरता येतं. काल बाबांनी वायरलेसवर त्याला पाण्यातून काढणाऱ्या तोमास कोळ्याला सांगितलं, "पुरा तिथेच. बर्फात किती ठेवणार लेकराला!" तोमासने विचारलं, "पहिली मूठ माती घरच्यांनी टाकायची ना? कोण येतंय?"

बाबा म्हणाले, "तूच टाक."

जमेल तेव्हा घरी ये. रागावणार नाही असं नाही. पण जेवायला वाढीन.

तुझी, आणि त्याचीही,
आई